खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी पहिला एलपीएस कोरल (मोठ्या पॉलिपचा, कठीण सांगाड्याचा प्रवाळ) घेताय? एवढं सांभाळा

टाकी नुकतीच स्थिरावतेय, तर टॉर्च हा एलपीएस कोरल इतक्यात नको. डंकन जातीचा घ्या, तो बराच सोशिक आहे.

सगळ्यात जास्त लक्ष अल्कलिनिटीवर (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यावर) ठेवा. सांगाडा वाढवताना हे कोरल ती सतत खर्च करतात. ८ ते ९ डीकेएचमधला (डीकेएच हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) कुठलाही आकडा चालेल, पण तो स्थिर हवा. आज ७, उद्या १० असं झालं की मांस सांगाड्यावरून आक्रसतं. आठवड्याला मोजा, लिहून ठेवा, घसरली तर हळूहळूच वर आणा.

हमखास होणाऱ्या चुका:

- पंप थेट कोरलवर रोखणं. मांस सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटतं. नुसतं डुलेल इतकाच प्रवाह पुरे.
- दोन जाती खेटून ठेवणं. रात्री लांब दंशक तंतू बाहेर येतात. निदान १५ सेंमी अंतर ठेवा.
- रोज जागा बदलणं.
- नायट्रेट शून्यावर आणणं. थोडं लागतंच, ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) छान.

भारतात असाल तर समुद्रातून प्रवाळ उचलू नका, तसा उचललेला विकतही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये तो आहे, आणि असायलाच हवा.

खायला आठवड्यातून एकदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). डोसिंग पंपाचं (अल्कलिनिटीसाठीचं द्रावण आपोआप थोडं थोडं सोडणाऱ्या यंत्राचं) नंतर बघू, आधी महिनाभराचे अल्कलिनिटीचे आकडे दाखवा.