'दबावाखाली आंबवलेली बिअर': तीन शब्द, तीन दुरुस्त्या

प्रश्न असा: मेलबर्नमध्ये घरी बिअर करणाऱ्या मराठी मंडळींसाठी कृती लिहायची आहे. 'केगमध्ये दबावाखाली आंबवलेली बिअर' हे बरोबर आहे का? (केग म्हणजे बिअरचं धातूचं बंद पिंप.) आणि 'स्पंडिंग व्हॉल्व्ह'ला, म्हणजे केगमधला जादा वायू सोडणाऱ्या भागाला, काय म्हणावं?

'दबाव' आधी काढा. दबाव मंत्र्यावर येतो, शेवटच्या षटकात गोलंदाजावर येतो. टायरमध्ये, धमनीत आणि केगमध्ये असतो तो दाब. आकडा आला की 'खाली'ही नको: 'लागर २० अंशांना, ०.७ ते १ बार दाबावर' असं लिहा. (बार हे दाबाचं एकक. या दाबामुळे यीस्टचे फळांसारखे वास कमी सुटतात, म्हणून लागर, म्हणजे एरवी थंडीत करायची बिअर, थंडगार खोलीवाचूनही जमते.)

'आंबवणे' इडलीला शोभतं, तिथे आंबटपणा हवाच असतो. 'बिअर आंबली' म्हटलं की वाचणारा ती मोरीत ओतेल. त्याऐवजी 'किण्वन' (यीस्टने साखरेचं मद्य करणं) लिहा. पुस्तकी वाटतं खरं, पण परकं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेसाठी उडीद-तांदळाचं 'किण्व', म्हणजे खमीर, सांगितलंय.

'स्पुंड' म्हणजे जर्मनमध्ये पिंपाचं बूच आणि 'स्पुंडेन' म्हणजे बूच मारणे. थोडी साखर शिल्लक असतानाच बूच मारलं की पुढचा वायू बिअरमध्येच मुरतो. आजची वस्तू मात्र नुसतं बूच नव्हे. ठरलेल्या दाबापर्यंत बंद राहते, वरचा वायू सोडते. मराठी कानाला 'शिट्टी' लगेच सुचेल, कुकरची शिट्टीही साधारण १ बारलाच उठते. पण शिट्टी भसकन सोडते, ही बारीक सूं करत सोडत राहते. मी 'दाबझडप' म्हणेन. हृदयाच्या झडपा आपल्या ओळखीच्या आहेतच.

कृतीत 'चोंदणे' हे क्रियापदही लागेल. १९ लिटरच्या केगमध्ये १५-१६ लिटरच भरा, नाहीतर फेस चढून दाबझडप चोंदते आणि दाब वाढतच जातो. ती वायूच्या तोंडाला लावा, बिअरच्या नव्हे; उसळी जोरात असेल तर मधे एक रिकामा केग जोडा. २० अंशांना १ बारवर बिअर अजून मिळमिळीतच लागते, म्हणून विशिष्ट गुरुत्व (साखर किती उरली ते यावरून कळतं) किण्वन संपल्यावरच्या आकड्यापेक्षा ०.००४ ने जास्त असतानाच दाब २ बारपर्यंत चढू द्या. आणि 'झाकण उघडा'च्या आधी 'दाब पूर्ण सोडा' हे वेगळं वाक्य करा, कंसात टाकू नका.