सांडपाण्याची मासे-चाचणी

प्रश्न : आमच्या प्रक्रिया केंद्रातून नाल्यात सोडलेल्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३० मिग्रॅ/लिटरच्या आत, सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ७.८. तरीही चाचणीत मासे मेले. असं का?

उत्तर : पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत, म्हणजे दहांपैकी नऊ. बीओडीवरून विषारीपणा कळत नाही.

पहिला संशय क्लोरीनवर. उर्वरित क्लोरीनला १ मिग्रॅ/लिटरपर्यंत मुभा आहे, पण मासे त्याहून बऱ्याच कमी मात्रेत दगावतात. मानकं एकमेकांशी जुळतीलच, असं धरून चालू नका! थोड्या नमुन्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घालून चाचणी पुन्हा करा. मासे तगले तर दोषी बहुधा क्लोरीनच.

दुसरा अमोनिया, आणि हा जरा लबाड. सामू ७ला त्याचा मुक्त, घातक अंश साधारण अर्धा टक्का असतो. ८ला सुमारे दहापट. चाचणीच्या टाकीत जोरात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि नमुना घेताना निरुपद्रवी असलेलं पाणी दुसऱ्या दिवशी मारक ठरतं. म्हणून सामू रोज मोजून नोंदवायला सांगा. हवा अजिबात बंद करू नका, नाहीतर मासे गुदमरून मरतील.

अहवालात साध्या पाण्यातल्या तुलना-टाकीचा आकडाही बघा. तिथेच दहांपैकी दोन-तीन मेले असतील, तर चाचणी बाद.