अंपायरही माणूसच असतो, मग त्याच्या चुकीवर क्रिकेटरसिक इतके का चिडतात?

माणूस चुकला म्हणून मी तरी चिडत नाही. बरोबर उत्तर समोर दिसत असूनही वापरलं जात नाही, तेव्हा मात्र डोक्यात तिडीक जाते. मी मुंबई इंडियन्सचा जुना पाठीराखा आहे आणि आयपीएलमधल्या ज्या दोन निर्णयांबद्दल लिहितोय, ते दोन्ही माझ्याच संघाच्या पथ्यावर पडले होते. तरीही ते आठवले की आजही जीव जळतो.

पहिला २८ मार्च २०१९ चा, बंगळुरूच्या चिन्नास्वामीवरचा. आरसीबीला, म्हणजे बंगळुरूच्या संघाला, शेवटच्या चेंडूवर ७ धावा हव्या होत्या. मलिंगाने चेंडू टाकला, शिवम दुबेला मोठा फटका जमला नाही, आम्ही ६ धावांनी जिंकलो. खेळाडू हात मिळवायला लागले आणि तेवढ्यात रिप्ले आला. मलिंगाचा पाय रेषेच्या चांगलाच पुढे पडला होता. ढळढळीत नोबॉल! तो दिला असता तर एक धाव वाढली असती आणि फ्री हिटवर, म्हणजे नोबॉलनंतर मिळणाऱ्या जादा चेंडूवर, एक षटकार बसला की सामना त्यांचा. कोहली भडकून म्हणाला की आपण आयपीएल खेळतोय, क्लब क्रिकेट नाही. त्याचं काय चुकलं? आमच्या रोहितनेही जिंकून नाराजी बोलून दाखवली. आधी बुमराहचा एक चेंडू उगाच वाइड दिला गेल्याचं त्याने सांगितलं.

आता अंपायरची बाजू बघा. त्याने आधी गोलंदाजाच्या पावलाकडे बघायचं, टाच रेषेच्या मागे आहे का ते ठरवायचं, आणि लगेच नजर उचलून समोरच्या टोकाला न्यायची. चेंडू १४० च्या वेगाने येत असेल तर फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात बॅटची कड लागली का, टप्पा कुठे पडला, पॅडला कुठे लागला हे सगळं टिपायचं, तेही अशा गोंगाटात जिथे बारीक आवाज कानावर पडणं मुश्कील. एखादा पाय निसटणारच. म्हणून त्या अंपायरवर तुटून पडलेल्यांत मी नव्हतो.

माझा राग नियमावर होता. तेव्हा पायाचा नोबॉल मैदानातल्या अंपायरनेच बघायचा असायचा. टीव्ही अंपायर तो तपासणार फलंदाज बाद झाला तरच. म्हणजे घरबसल्या कोट्यवधी लोकांना दिसतंय, टीव्हीसमोर बसलेल्या पंचालाही दिसतंय, पण त्याने बोलायचं नाही! पुढच्याच हंगामात, २०२० मध्ये, पायाचे नोबॉल टीव्हीवर बघण्याची सोय झाली. कॅमेरे आधीपासून होतेच. मग ही अक्कल यायला इतकी वर्षं का लागली?

दुसरा प्रसंग आमच्या वानखेडेवरचा, १२ मे २०२२, समोर चेन्नई. वीज गेल्यामुळे सुरुवातीला डीआरएस, म्हणजे अंपायरच्या निर्णयावर दाद मागून तो टीव्हीवर तपासून घेण्याची यंत्रणा, बंद होती, तरी सामना सुरू केला. पहिल्याच षटकात कॉनवे पायचीत. रिप्लेत चेंडू लेग स्टंप सोडून जातोय असं दिसत होतं, पण रिव्ह्यू मागायची सोयच नाही. पाठोपाठ उथप्पाही पायचीत, त्यालाही रिव्ह्यू नाही. थोड्या वेळाने यंत्रणा सुरू झाली आणि पुढच्यांना ती मिळाली. चेन्नई ९७ मध्ये गारद. आम्ही जिंकलो खरे, पण एकाच डावात काही फलंदाजांना एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, हा कुठला न्याय? दहा मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

या बाबतीत आपल्या बोर्डाचा इतिहासही फारसा अभिमानाचा नाही. २००८ च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स ३० वर असताना इशांतच्या चेंडूवर कड लागूनही नाबाद ठरला आणि १६२ पर्यंत गेला. शेवटच्या दिवशी चेंडू पॅडला लागला असताना द्रविडला झेलबाद दिलं. आपण १२२ धावांनी हरलो, देशभर आग उसळली, अंपायर बकनर यांना पुढच्या पर्थ कसोटीतून हटवलं. इतकं सोसल्यावर डीआरएसचा हट्ट आपणच धरायला हवा होता. झालं उलटंच! द्विपक्षीय मालिकांसाठी आपलं बोर्ड वर्षानुवर्षं अडून बसलं आणि पूर्ण डीआरएसला तयार झालं ते थेट २०१६ च्या इंग्लंड मालिकेत.

‘अंपायर्स कॉल’वर, म्हणजे थोडक्यात हुकणाऱ्या-लागणाऱ्या चेंडूवर मैदानातल्या अंपायरचाच निर्णय कायम ठेवण्यावर, मात्र बरेच मित्र उखडतात, तसा मी उखडत नाही. पॅडला लागल्यानंतरचा चेंडूचा मार्ग हा शेवटी अंदाज असतो. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग स्टंपला लागणार असं यंत्र म्हणत असेल, तर मैदानातल्या माणसाचा निर्णय कायम ठेवणं मला पटतं.

पटत नाही ती निर्णयानंतरची चिडीचूप. २०१९ मध्ये जयपूरला नोबॉलवरून धोनी मैदानात शिरला, सामन्याच्या मानधनाचा अर्धा भाग दंड झाला. २०२२ मध्ये वानखेडेवर नोबॉलवरूनच पंतने आपल्या फलंदाजांना मैदानाबाहेर बोलावलं, पूर्ण मानधन गेलं. दोन्ही दंड योग्यच. तसं वागणं कुणालाच शोभत नाही. पण खेळाडूच्या दंडाची बातमी तासाभरात येते आणि मूळ निर्णय बरोबर होता की चूक, हे आयोजकांकडून क्वचितच कळतं. फुटबॉलमध्ये २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हिडिओ तपासणीनंतर रेफरीने माइकवरून सगळ्या स्टेडियमला निर्णय सांगायची पद्धत वापरली. आपल्याकडेही अंपायरने दोन वाक्यांत कारण सांगावं, आणि चूक झाली असेल तर दुसऱ्या दिवशी बोर्डाने तसं लिहून द्यावं. एवढं झालं तर निर्णय आमच्या विरोधात गेला तरी माझी तक्रार नाही.