विहिरीवरची मखमल आणि समुद्रगाय

प्रश्न : नमस्कार गुरुजी. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. माह्या पोरीले सुट्टीत प्रकल्प दिला : संकटात असलेल्या दोन सजीवांची तुलना. तिनं एक समुद्रगाय घेतली अन् दुसरं ताकाकिया नावाचं शेवाळ. माहा भाऊ हासते, म्हणते, गाय अन् शेवाळ कुठं जुळते? आम्ही समुद्र पाह्यला नाही, शेवाळ मात्र विहिरीत रोज पाहतो. प्रकल्प बदलू काय?

उत्तर : बदलू नका. भावाला चहा पाजा आणि हे वाचायला द्या.

आधी एक घोळ मिटवू. ढोरांच्या टाक्यात बोटाला चिकटते ती हिरवी तार म्हणजे शैवाल. विहिरीच्या दगडांवर मखमलीसारखं बसतं ते मॉस. आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो. पोरीचं ताकाकिया हे मॉस. मीही वर्गात कितीतरी वर्षं तसंच सांगत आलो. काठावरच्या दगडावर आत्ता वैशाखात तपकिरी, वाळका थर दिसेल. मेला असंच वाटेल. त्यावर गडूभर पाणी शिंपडा आणि पोरीला भिंग द्या. काही मिनिटांत आक्रसलेली पानं उलगडून हिरवी दिसू लागतात.

शाळेच्या पुस्तकात मॉसला वनस्पतींमधलं उभयचर म्हटलंय ते उगाच नाही. जमिनीवर आलं खरं, पण त्याच्या नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहतच जावं लागतं. समुद्रगायीचं, म्हणजे डुगाँग या समुद्री सस्तन प्राण्याचं, उलटं. तिचे पूर्वज जमिनीवरचे, हत्ती तिचा नातलग. सडंसुद्धा हत्तिणीसारखी पुढच्या पायांपाशी, म्हणजे वल्ह्यांच्या बगलेत. समुद्रात गेली, पण श्वास हवेतलाच राहिला. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, की जन्मभर पाण्यात राहणारं हे जनावर बुडून मरतं. तुलना इथंच धरा, बाकीचा तक्ता आपोआप भरेल.

ती दिवसाला 30-40 किलो समुद्री गवत खाते. आपल्या म्हशीच्या चाऱ्याशी हिशेब पोरीनंच लावावा. गाभणपण 13-14 महिन्यांचं, पिल्लू एकच, पुढचं 3 ते 7 वर्षांनी. तामिळनाडूनं 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यासाठी राखीव केलं.

ताकाकियाचा वंश सुमारे 39 कोटी वर्षांचा, हिमालयाहून कितीतरी जुना. तिबेटच्या पठारावर 4,000 मीटरच्याही वर, बर्फ आणि अतिनील किरण सोसत ते टिकलं. आता तापमान वाढतंय, ते मात्र झेपेना. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथला त्याचा पसारा वर्षाला सुमारे 1.6 टक्क्यांनी घटताना दिसला. समुद्रगायीच्या वाटेतलं जाळं हटवता येतं. याच्यासाठी काय हटवायचं? हा प्रश्न पोरीनं प्रकल्पात तसाच लिहावा.

तुमच्या विहिरीवरचं मॉस ताकाकिया नव्हे, तेवढं ठळक लिहायला सांगा. खरवडून वहीत चिकटवू नका, फोटो पुरे. आणि काठावरून वाकायचं काम तुमचं, तिचं नाही.