युतीची नोंद कुठे होते?

प्रश्न : निवडणुकीआधी पक्ष युती करतात म्हणजे नेमकं काय ठरवतात? त्याची कुठे नोंद असते का? जागा मित्रपक्षाला गेली की आमच्या पक्षाचं चिन्हच मशिनवर दिसत नाही, मग आम्ही काय करायचं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नोंद कुठेच नसते. निवडणूक आयोगाकडे पक्ष नोंदवला जातो, युती नाही. १९८५चा पक्षांतरबंदी कायदाही पक्षापुरताच. म्हणूनच २०१९मध्ये भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ आमदार एकत्र लढून आले, दोघांची वाट निकालानंतर वेगळी झाली, पण त्यापायी कुणाची आमदारकी गेली नाही.

ठरतं ते जागावाटप. सुरुवात ‘सिटिंग-गेटिंग’ने, म्हणजे ज्याचा आमदार त्याची जागा. मग गेल्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर कोण होता ते बघतात. शेवटी अदलाबदल, आणि तिथे स्थानिक नेत्याचं वजन चालतं. ठाण्यातून १९८९ आणि १९९१ला भाजपचे राम कापसे खासदार झाले. तरी १९९६ला शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघेंच्या आग्रहाने जागा शिवसेनेकडे आली आणि प्रकाश परांजपे निवडून आले.

मला राग येतो तो उशिराचा. मी ठाण्यात वार्ताहर होतो. २५ सप्टेंबर २०१४ला भाजप-शिवसेना युती तुटली, त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. अर्जाची मुदत २७ला संपत होती! एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रासाठी, कार्यकर्त्यांची जी धावपळ मी पाहिली, तिच्यात मतदाराचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. २०२४च्या लोकसभेलाही ठाण्यात नरेश म्हस्के यांचं नाव १ मेला आलं, मुदत ३ मेची. जागावाटप अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी जाहीर व्हायलाच हवं.

वरच्यांनी हात मिळवले तरी खालची मतं वळतीलच असं नाही. तुमच्या ऐरोलीत २०२४ला भाजपच्या गणेश नाईकांसमोर मित्रपक्षाचे, म्हणजे शिंदेंच्या शिवसेनेचे, विजय चौगुले अपक्ष उभे होते. बेलापुरात त्याच शिवसेनेच्या विजय नाहटांनी तेच केलं, आणि भाजपच्या मंदा म्हात्रे अवघ्या ३७७ मतांनी तरल्या.

तेव्हा अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की अंतिम यादी बघा. तुमच्या पक्षाचा बंडखोर रिंगणात असेल, तर पक्षाने त्याला काढलंय की ‘मैत्रीपूर्ण लढत’ (मित्रपक्षांनीच आपसात लढणं) म्हणून सोडून दिलंय, हे शाखेत जाऊन विचारा. मित्रपक्षाचा उमेदवार दारात आला की तुमच्या पक्षाने दिलेल्या आश्वासनांपैकी कोणती तो पाळणार, हेही त्याच्याकडून वदवून घ्या.