नायकेचा २०१२ चा कोरा 'ब्रेड' (काळा-लाल) जॉर्डन ४ बूट मुंबईत घालायला घ्यावा का?

घालायला नको. शोकेससाठी, किंवा सोल बदलण्याचा खर्च वजा करून भाव जमत असेल, तरच बघा.

जॉर्डन ४ चा मिडसोल, म्हणजे अपर आणि तळाचं रबर यांच्यामधला जाड थर, पॉलियुरेथेन फोमचा असतो. हवेतली वाफ फोममध्ये शिरून त्याच्या साखळ्या तोडते. तुटताना आम्ल तयार होतं आणि त्याने तोडफोड आणखी वाढते. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. वरून बूट कोरा करकरीत, आणि पहिल्याच फेरीत टाचेखाली भुगा! म्हणून 'डेडस्टॉक', म्हणजे कधीच न घातलेला, या शब्दाला फार भुलू नका. अधूनमधून पायात गेलेली जोडी जास्त टिकते, असा संग्राहकांचा अनुभव आहे. दाबाने ओल बाहेर पडते, असं ते म्हणतात. जॉर्डन १ चं वेगळं. त्याचा तळ रबरी आणि अपरला शिवलेला, त्यामुळे १९८५ च्या जोड्यासुद्धा लोक घालतात.

तरी बघायला गेलातच तर आधी आतलं लेबल वाचा. २०१२ च्या जोडीचा कोड ३०८४९७-०८९. तोच डब्यावर हवा, आणि टाचेवर जंपमॅन, म्हणजे उडी घेणाऱ्या खेळाडूचं चिन्ह. २०१९ च्या ब्रेडचा कोड ३०८४९७-०६० आणि टाचेवर 'नायके एअर'. मग टाचेपाशी मिडसोल अंगठ्याने जोरात दाबा. रंगाला जाळीसारख्या भेगा पडल्या, खळगा तसाच राहिला किंवा बोटाला चिकट लागलं, तर सोल गेला. विक्रेता दाबू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

सोल बदलायला त्याच मापाची, मिडसोल शाबूत असलेली दुसरी जॉर्डन ४ लागते. हीट गनने डिंक सैल करून तिचा सोल काढायचा. जुन्या अपरखालचा भुगा खरवडून तळ ॲसिटोनने पुसायचा, पण अपरच्या नुबकला (घासून मखमली केलेल्या चामड्याला) थेंबही लागू द्यायचा नाही, रंग उतरतो. डिंक लावण्याआधी सोल नुसता बसवून बघा: वेगवेगळ्या सालांच्या जोड्यांत पुढच्या बोटांचा आकार थोडा बदलतो आणि तिथेच फट राहते. मग दोन्ही बाजूंना सोल्यूशन (चपला-बुटांचा डिंक), हाताला जेमतेम चिकटेपर्यंत थांबायचं, ऊब देऊन दाबायचं आणि दिवसभर बांधून ठेवायचं. कोपऱ्यावरच्या कारागिराला फेविक्विक वापरू देऊ नका. ते सुकून कडक होतं आणि पाऊल वाकलं की तडकतं.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या कोंबून काही साधत नाही. हवा अगदी कोरडी झाली की चामडं आणि डिंक दोन्ही सुकतात; आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास बरी.

रोज घालायलाच हवा असेल तर २०२४ चा 'ब्रेड रीइमॅजिन्ड' घ्या, कोड एफव्ही५०२९-००६. नुबकऐवजी गुळगुळीत चामडं आहे, जुन्या मंडळींना ते खटकतं, पण मिडसोल ताजा आहे आणि पुसायलाही सोपा.