‘साठ कंपन्यांशी करार’ बघून कॉलेज निवडावं का?

प्रश्न : मुलीला केमिकल इंजिनिअरिंग करायचंय. पुण्याजवळच्या एका खासगी स्वायत्त कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘साठ कंपन्यांशी सामंजस्य करार’ असं ठळक छापलंय. दुसरा पर्याय सरकारी कॉलेजचा आहे, तिथे असं काहीच लिहिलेलं नाही. फीमध्ये मोठा फरक आहे. या करारांचा मुलीला खरंच उपयोग होतो का? – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. साठ हा आकडा आधी बाजूला ठेवा. असा करार पुष्कळदा दोन-तीन पानांचा असतो आणि त्यात ‘परस्पर सहकार्य करू’ यापलीकडे कुणावर काहीच बंधन नसतं. सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लागतो. पैसा कोण घालतंय, मुलं कंपनीत किती महिने जातात आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळतात का, हे बघायचं असतं.

तुमच्या मुलीच्याच शाखेतलं उदाहरण घ्या. माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. सुरुवातीलाच केमिकल इंजिनिअरिंगच्या जोडीला टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकवली जायची, कारण मुंबईत गिरण्या होत्या आणि त्यांना ती माणसं हवी होती. प्राध्यापकांनी कंपन्यांना सल्ला द्यायचा आणि तिथले प्रश्न प्रयोगशाळेत आणायचे, ही तिथली जुनी रीत. 2018 मध्ये याच संस्थेने भुवनेश्वरला कॅम्पस काढला. त्यात इंडियन ऑइलचा पैसा आहे, जमीन ओडिशा सरकारची. तिथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. आहे, वर्षाचे तीन भाग पाडलेले, आणि त्यातले बरेचसे भाग मुलं थेट उद्योगात काढतात. त्याच साली राज्य सरकारच्या मदतीने जालन्यातही कॅम्पस सुरू झाला. मुलीने जेईई मेन दिली असेल तर जालन्याची माहिती जरूर काढा. गंमत म्हणजे बार्शीकडच्या पालकांना पुण्याची दहा कॉलेजं पाठ असतात, जालन्याचं हे कॅम्पस कुणी विचारत नाही.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या पिलानीच्या बिट्स या खासगी संस्थेचं. तिथे ‘प्रॅक्टिस स्कूल’ 1973 पासून चालू आहे. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत साधारण दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साडेपाच महिने विद्यार्थी कंपनीत असतो. त्या कामाला ग्रेड मिळते आणि मूल्यमापनात संस्थेचे प्राध्यापकही असतात. याच्याशी तुलना करून बघा, आपल्याकडे काही ठिकाणी इंटर्नशिपच्या नावाखाली काय चालतं : दोन-चार हजार रुपये भरा, घरबसल्या व्हिडिओ बघा, सर्टिफिकेट घ्या. कॉलेजही ते चालवून घेतं.

सरकारचा भाग पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पदवीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते. 1961 चा अप्रेंटिस कायदा 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर इंजिनिअरांनाही लागू झाला. ठरवून दिलेल्या किमान स्टायपेंडचा, म्हणजे विद्यावेतनाचा, निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. वर्षानंतर नोकरी द्यायलाच हवी अशी सक्ती कंपनीवर नसते, हे मात्र मुलीला आधीच सांगून ठेवा.

आता कॉलेजात जाल तेव्हा प्लेसमेंट ऑफिसच्या सोफ्यावर बसून राहू नका. ‘अमुक कंपनीच्या सहकार्याने’ अशी पाटी लावलेली लॅब उघडून दाखवायला सांगा. यंत्राशेजारी वापराची नोंदवही असते, तिच्यातली शेवटची तारीख वाचा. एखाद्या यंत्रावर अजून पॅकिंगचं प्लास्टिक असेल तर वेगळं विचारायची गरजच नाही. मग शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि इंटर्नशिपला कुठे गेलात, स्टायपेंड किती मिळाला, तिथे रोज काय करायचात ते विचारा. ‘प्लांटमध्ये हीट एक्स्चेंजरचे रीडिंग घ्यायचे’ असं उत्तर आलं तर ते खरं. ‘प्रोजेक्ट होता, चांगला अनुभव होता’ एवढंच आलं तर समजून जा.

कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, तर त्याच्या अभ्यास मंडळात उद्योगातला प्रतिनिधी असावा लागतो. तो कोण आणि गेल्या दोन वर्षांत त्याच्या सांगण्यावरून अभ्यासक्रमात काय बदललं, हे विभागप्रमुखांना विचारा. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम विद्यापीठाचाच चालवावा लागतो, त्यामुळे तिथे ही मोकळीक कमी. सरकारी कॉलेज यात कुठे बसतं तेही पाहून घ्या. बरीच सरकारी कॉलेजं आता स्वायत्त आहेत, फक्त ती त्याची फारशी जाहिरात करत नाहीत.

माझं मत विचाराल तर खासगी कॉलेजकडून या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर जास्तीची फी भरू नका. सरकारी कॉलेज पसंतीक्रमात वर ठेवा आणि वाचलेल्या पैशातून मुलीचा सुट्टीतल्या इंटर्नशिपचा, परगावच्या राहण्याचा खर्च करा. हे सगळं कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म) भरायच्या आधी उरका, कारण पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही.